शिंगाची भावकी

उन्हाळ्यात वाशीमच्या पाटणी चौकात एखाद्या दुकानापुढच्या फ्रीजरचे झाकण सरकवले की कुल्फी आणि कपांच्या शेजारी कॉर्नेटो दिसतो. मागणारा त्याला 'कोन' म्हणतो, देणाराही कोनच म्हणतो. कागदावर छापलेले नाव उच्चारायची गरज कोणालाच पडत नाही. ते नाव इटालियन आहे आणि त्याचा अर्थ 'लहानसे शिंग'. 'कॉर्नो' म्हणजे शिंग. त्याला 'एत्तो' जोडले की ते लहान होते, जशी आपल्याकडे लोट्याची लोटी होते. मूळ उच्चार 'कॉर्नेत्तो'. इकडे येईपर्यंत त्यातला एक 'त' गळला आणि उरलेल्याचा 'ट' झाला.

हा संग्रह अशा शिंगांचा आहे. जनावराच्या डोक्यावर असलेली, आणि नसलेलीही: वाद्य, फळ, झाड, औषध, दागिना, वाक्प्रचार. नोंदी मुख्यतः वाशीम जिल्ह्यातल्या बोलीतून घेतल्या आहेत. मग प्रस्तावनेची सुरुवात नेपल्सच्या आइस्क्रीमने का, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. 'कॉर्नेटो' आणि 'शिंग' एकाच भावकीतले आहेत, आणि भावकीतल्या लांबच्या माणसाला भेटल्यावर घरच्यांचे नाकडोळे अधिक नीट दिसू लागतात.

आधी त्या लांबच्या माणसाचा संसार पाहू. रोममध्ये आणि दक्षिण इटलीत सकाळी कॉफीबरोबर कॉर्नेत्तो मागितला तर चंद्रकोरीसारखा वळलेला पाव समोर येतो. हा पाव व्हिएन्नाच्या 'किप्फर्ल'चा वंशज आहे आणि व्हेनिसच्या बाजूने तो इटलीत उतरला. नेपल्समध्ये कॉर्नेत्तो गळ्यातही असतो: लाल पोवळ्याचा, किंचित पिळलेला, मिरचीएवढा ताईत. तो दृष्ट लागू देत नाही. त्याच इटलीत दोन बोटांची शिंगे करून एखाद्या पुरुषाला दाखवली तर 'तुझी बायको तुला फसवते आहे' असा अर्थ होतो आणि प्रकरण हातघाईवर येऊ शकते. गळ्यातले शिंग राखण करते आणि डोक्यावरचे अब्रू घालवते. दोन्ही समजुती एकाच गल्लीत सुखाने नांदतात. पूर्वी बहिऱ्या माणसाच्या कानाला लावायच्या नरसाळ्यासारख्या नळीलाही कॉर्नेत्तोच म्हणत.

पण या घराण्यातला खरा गुणी सदस्य म्हणजे वाद्य. सोळाव्या-सतराव्या शतकातला कॉर्नेत्तो धातूचा नव्हता, शिंगाचाही नव्हता. लाकडाचा वाकडा तुकडा उभा चिरायचा, दोन्ही अर्धे आतून कोरायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वरून काळे चामडे चढवायचे. बासरीसारखी बोटांची भोके असायची आणि तोंडाशी मात्र तुतारीसारखी वाटी. त्यामुळे त्यात बासरीची चपळाई होती आणि फुंकवाद्याची धारही. त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळ जातो, अशी त्या काळी त्याची ख्याती होती. मोंतेवेर्दीने १६०७ च्या 'ऑर्फेओ' या संगीतनाटकात आणि १६१० च्या सांध्यप्रार्थनांच्या संगीतात त्याला मानाची जागा दिली. पुढे व्हायोलिनने ती जागा घेतली आणि कॉर्नेत्तो दोन शतके जवळजवळ मुका राहिला. विसाव्या शतकात जुन्या संगीताच्या अभ्यासकांनी त्याला पुन्हा तोंड लावले.

आइस्क्रीमचा कॉर्नेत्तो या सगळ्यांत शेंडेफळ. शंकूच्या बिस्किटात आइस्क्रीम भरून ठेवले की ते ओलसर होऊन मऊ पडायचे, म्हणून शंकू आयत्या वेळीच भरावा लागे. १९५९ मध्ये नेपल्सच्या 'स्पिका' या कारखान्याने शंकूला आतून तेल, साखर आणि चॉकलेटचा लेप दिला आणि हा घोळ मिटवला. १९७६ मध्ये तो धंदा युनिलिव्हरने घेतला. शंकूच्या टोकाशी चॉकलेटचा जो घट्ट गोळा लागतो, आणि ज्यासाठी मुले उरलेला कोन भराभर संपवतात, त्याचे मूळ त्या लेपातच आहे.

आता भावकीचा पुरावा. लॅटिनमध्ये शिंगाला 'कॉर्नू', इंग्रजीत 'हॉर्न', संस्कृतात 'शृंग'. वरवर पाहता यांत साम्य नाही. पण शंभराला लॅटिनमध्ये 'केन्तुम', इंग्रजीत 'हंड्रेड' आणि संस्कृतात 'शत' आहे. कुत्र्याला 'कानिस', 'हाउंड' आणि 'श्वन्' आहे. जिथे लॅटिनमध्ये 'क' तिथे इंग्रजीत 'ह' आणि संस्कृतात 'श', हा नियम शब्दामागून शब्द लागू पडत जातो. त्या नियमाने शृंग, हॉर्न आणि कॉर्नू ही एका मुळाची तीन रूपे ठरतात. आपले 'शिर'ही त्याच मुळाचे. ग्रीकांचे 'केरास' याच घरातले. नखे, केस आणि शिंगाचे कवच ज्या द्रव्याचे बनते त्याला शास्त्रज्ञ त्यावरूनच केराटिन म्हणतात. मालवाहू ट्रकांच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केले, पण शब्द काही रस्त्यावरून हलला नाही. वाशीम-हिंगोली रस्त्यावर बैलगाडीमागे अडकलेला ट्रकवाला हॉर्न वाजवतो, तेव्हा पुढे शिंग असते, मागे हॉर्न, आणि कडेच्या दुकानात कॉर्नेटो. तिन्ही चुलत भावंडे, एकमेकांना न ओळखणारी.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'शिंग'मधला 'श' आपल्याला 'शृंग'कडून वारशाने मिळाला असे वाटते. तसे नाही. प्राकृतात आल्यावर 'शृंग'चा 'श' गेला आणि 'सिंग' झाले. हिंदीने तो 'स' अजून 'सींग'मध्ये जपला आहे. मराठीची खोड अशी की 'इ' किंवा 'ए' पुढे आला की ती 'स'चा 'श' करते. म्हणून 'सिंदूर'चा शेंदूर झाला, 'सिव्'चे शिवणे झाले, 'सिंच्'चे शिंपणे झाले. या शब्दांच्या मुळाशी 'श' कधीच नव्हता. 'शिंग'ने आपला 'श' एकदा गमावला आणि मराठीत येऊन नव्याने कमावला.

हे सांगायला वाशीमहून योग्य गाव शोधून सापडायचे नाही. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे काव्य आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचे नाव आदराने घेतले आहे. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट वाशीमला १९३९ मध्ये उजेडात आले. त्यांतला मजकूर थोडा संस्कृतात आणि थोडा प्राकृतात आहे. एका भाषेतून दुसरीत जातानाचे पाऊल तांब्यावर उमटावे, तसा तो लेख आहे. दहाव्या शतकातल्या राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नच वत्सगुल्मात लावून दिले. त्यानंतरचा टप्पा याच जिल्ह्यात कारंज्याला सापडतो. तिथल्या जैन भांडारांत प्राकृत आणि अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके जपल्या गेल्या. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये प. ल. वैद्यांच्या संपादनाने कारंजा ग्रंथमालेत निघाले, त्यापाठोपाठ हिरालाल जैनांनी इतर अपभ्रंश ग्रंथ छापून आणले. संस्कृत आणि मराठी यांच्यामधला पूल जिथे बांधून पडला होता, तिथल्या विद्यार्थ्यांना मराठी भाषेचा इतिहास शिकवताना आपण कारंज्याचे नावही घेत नाही, हे मला बरे वाटत नाही.

असो. शब्दाचा प्रवास झाला. आता शिंगाकडे यायला हवे, आणि शिंग म्हटले की पोळा. वऱ्हाडीत 'पोया'. श्रावणी अमावस्येच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, शेकायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन द्यायचे. शिंगांची तयारी त्याही आधी सुरू होते. खडबडीत झालेली शिंगे साळतात, म्हणजे धारदार पात्याने वरचा थर तासून गुळगुळीत करतात. मग हिंगूळ लावायचा, त्यावर बेगड चिकटवायची, टोकांना पितळी शेंब्या बसवायच्या. दोन शिंगांच्या मध्ये मटाटी, कपाळावर बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा, अंगावर झूल. गावच्या मानाच्या बैलाच्या शिंगांवर मखर चढते आणि तो तोरणाखालून सगळ्यांत पुढे जातो. तोरणाखाली झडत्या म्हणायची चढाओढ लागते. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, त्यात लाकडी बैलांनाही शिंगे असतात आणि त्यांनाही बेगड लागते.

यातले किती शब्द आज तिशीच्या आतल्या माणसाला ठाऊक आहेत, याची चाचपणी करताना एक गोष्ट लक्षात आली. नाव पडते ते आकारावरून, पण टिकते ते हाताळण्यावर. शेंबी म्हणजे काय हे ज्या घरात बैलजोडी आहे तिथल्या शाळकरी पोराला माहीत असते. ज्या घरात ट्रॅक्टर आला तिथल्या बापालाही आठवून सांगावे लागते. सोयाबीनच्या पेरणीपासून मळणीपर्यंत यंत्रे आली, गोठे रिकामे झाले, आणि शब्दांनी गोठ्याबरोबरच घर सोडले. यात कोणाला दोष द्यायचा हेतू नाही. बैल पोसणे किती महाग पडते हे कोरडवाहू शेतकऱ्याला शब्दसंग्राहकाने शिकवायचे नसते.

शिंग रंगवण्याबद्दल मात्र एक सूचना करायला हवी. हिंगूळ मागे पडून ऑइलपेंट आला. पशुवैद्य दर पोळ्याला सांगतात की तो शिंगांना लावू नका. बैलाचे शिंग निर्जीव खुंटी नव्हे. आत हाडाचा गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात, आणि मोठ्या जनावरात त्याची पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. वरचे केराटिनचे कवच तेवढे मृत. आपल्याकडच्या बैलांत शिंगाचा कर्करोग हा ओळखीचा आजार आहे. जुवाचे घर्षण, वारंवार साळणे आणि रासायनिक रंग यांच्याकडे त्यासाठी बोट दाखवले जाते. शिंग एका बाजूला झुकू लागले किंवा नाकाच्या एकाच पुडीतून रक्त येऊ लागले की जाणता शेतकरी डॉक्टरला बोलावतो.

बैलांच्या या शिणगारात बंजाऱ्यांचा वाटा मोठा आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे स्थान, देशभरच्या बंजाऱ्यांची काशी. तिथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले. रेल्वे येण्याआधी या मुलखातले धान्य आणि मीठ त्यांच्या तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरे. वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचे बंजाऱ्यांवरचे टिपण १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले आणि रसेलने १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्याचा भरपूर उपयोग केला. त्यात 'हटाडिया' नावाच्या बैलाचे वर्णन आहे. त्याच्या पाठीवर कधीच ओझे लादायचे नाही. लाल रेशमाचे पट्टे, घुंगरे, पितळी साखळ्या आणि कवड्यांनी तो मढवलेला असे, आणि तांड्यात कोणी आजारी पडले की त्याच्या पायाशी नेत. विवाहित बंजारा स्त्रिया अंबाड्यात उभी काडी खोवून तिच्यावरून ओढणी घेत, हेही जुन्या वर्णनांत येते. पाहणाऱ्यांना ती काडी शिंगासारखी वाटली. नेसणाऱ्यांना काय वाटत होते ते विचारायचे कोणी कष्ट घेतले नाहीत, आणि त्या काळच्या अशा लिखाणाचा हा कायमचा दोष आहे.

वाद्याकडे वळू. जनावराचे शिंग आतला गाभा काढला की पोकळ नळी होते, टोक कापले की फुंकता येते. जगभर फुंकवाद्यांचा जन्म असाच झाला. आपले शिंग नंतर तांब्या-पितळेचे झाले. निमुळते वाकडे भाग जोडून ते बनवतात, आणि जोड कोणत्या दिशेने फिरवला यावर त्याची चंद्रकोर होते किंवा नागमोडी वळण. शिंग कोणते आणि तुतारी कोणती, याच्या सीमा गावागावांत पुसट आहेत. भोके नसल्यामुळे त्यातून मोजकेच स्वर निघतात, पण त्याचे काम गाण्याचे नाहीच. वर्दी देणे, पालखी निघाल्याचे सांगणे, लढाईला उठवणे हे त्याचे काम. म्हणूनच १८९३ मध्ये केशवसुतांनी आपल्या कवितेसाठी तुतारी निवडली, सनई निवडली नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले, काही अपक्षांना नुसतेच बिगुलासारखे वाद्य मिळाले, मतपत्रिकेवर त्याचेही मराठी नाव तुतारी होते, आणि मोठा गोंधळ उडाला. एका वाद्याच्या नावावरून निकालाची चर्चा व्हावी, असे कोशकारांच्या वाट्याला क्वचितच येते.

लग्नाच्या वरातीत मात्र कॉर्नेत्तोचा चुलत भाऊ आधीच येऊन बसला आहे. बॅंडमधला कॉर्नेट हा एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडला. लष्करी बॅंडांतून तो आपल्या बॅंडपथकांत उतरला. नाव त्याच 'लहान शिंगा'चे.

वनस्पतींत शिंगाची नावे भरपूर आहेत. उपासाचा शिंगाडा हा 'शृंगाटक'. फळाच्या दोन बाजूंना दोन टोकदार शिंगे असतात आणि ती सोलणाऱ्याच्या बोटांना बरोबर सापडतात. तोच शब्द संस्कृतात रस्ते मिळतात त्या जागेलाही लावत. तीन रस्ते मिळाले की त्रिकोण होतो, त्रिकोणाला टोके असतात. बंगालात आणि ओडिशात समोशाला सिंगाडा म्हणतात तेही टोकांमुळे. वऱ्हाडच्या पानझडी रानात मेडशिंगीचे झाड आहे, त्याच्या वाकड्या लांब शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या दिसतात. काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यासाठी मिळणारी काकडशिंगी मात्र शेंग नाही, फळही नाही. झाडाच्या पानावर किड्याने केलेली ती गाठ आहे. नाव देणाऱ्याने फक्त आकार पाहिला.

औषधात खुद्द शिंगही होते. सुश्रुताने रक्त काढण्याची साधने दोषांनुसार वाटून दिली आहेत: वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला तुंबडी. तुंबडी लावणे आज फक्त दुसऱ्याचे पैसे उपटण्यापुरते उरले आहे.

जिल्ह्यातले सर्वांत देखणे शिंग फ्रीजरमध्ये नाही आणि गोठ्यातही नाही. ते कारंजा-सोहोळ अभयारण्यात आहे. सुमारे १८ चौरस किलोमीटरच्या त्या माळरानावर काळवीट राहतो. त्याची पिळदार शिंगे फक्त नराला येतात आणि जन्मभर राहतात. सांबर-चितळाची शिंगे दरवर्षी गळतात, ती भरीव असतात आणि मुळात हाडाची असतात. मराठी दोघांनाही शिंगच म्हणते आणि तिचे काही अडत नाही. वैदिक यज्ञात दीक्षा घेतलेल्या यजमानाला अंग खाजवायचे झाल्यास नखाने नाही, काळविटाच्या शिंगाने खाजवावे लागे. आज ते शिंग घरात ठेवले तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा होतो.

वाक्प्रचारांबद्दल थोडेच. इटालियन माणसाला शिंगात दृष्टीपासूनचे रक्षण दिसते किंवा फसवणूक. मराठी माणसाला त्यात जोर दिसतो, आणि बहुधा नको तिथला. पोराला शिंगे फुटतात, विरोधकाला शिंगावर घेतले जाते, म्हातारा शिंगे मोडून वासरात शिरतो. हे सगळे गोठ्यात उभे राहून पाहिलेले आहे. फक्त सशाचे शिंग पंडितांनी आणले, मुळात नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून.

शेवटी नोंदींविषयी. शिंगासारखे दिसते म्हणून शिंगापासून आले असे मानण्याचा मोह या संग्रहाने शक्य तितका टाळला आहे. आल्याला संस्कृतात 'शृंगवेर' म्हणतात आणि आल्याच्या कुड्याला शिंगे फुटल्यासारखी दिसतातही. पण शब्द बहुधा दक्षिणेकडचा आहे. 'इंजि' म्हणजे आले आणि 'वेर' म्हणजे मूळ. संस्कृताने त्याला शिंग नंतर चिकटवले. इंग्रजी 'जिंजर' आणि इटालियन 'झेंझेरो' त्यातूनच निघाले. तीच गोष्ट बाशिंगाची. बैलाच्या कपाळावर असो की नवरदेवाच्या, त्यात शिंग ऐकू येते. पण कानडीत 'बासिंग' आणि तेलुगूत 'बासिकम्' आहे, तेव्हा ते 'शिंग'च्या खाली न घालता परिशिष्टात टाकले. शृंगाराचे उलट झाले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंग म्हणजे मदनाचा अंकुर असे सांगून शृंगार त्यातून काढला. ही व्युत्पत्ती पंडिती आहे आणि तिच्यावर शंका घेता येते. तरी पोळ्याच्या दिवशी बैल 'शिणगारला' असे वाशीमच्या गावागावांत म्हणतात, आणि शिणगाराची सुरुवात शिंगापासूनच होते. म्हणून तो शब्द मूळ नोंदींत ठेवला आहे, प्रश्नचिन्हासह.